अर्धेच ऐकलेले वनराज भाटिया

मुंबईत राहून पाश्चात्य अभिजात पद्धतीचं संगीत लिहायचं, तर ते वाजवणार कोण? वनराज भाटिया १९५९ साली युरोपातून परतले तेव्हा या प्रश्नाला धड उत्तर नव्हतं. शहरात या संगीताचे दर्दी होते, पारशी आणि ख्रिस्ती वस्त्यांतल्या घरांत पियानो होते, मुलांकडून परीक्षांची तयारी करून घेणारे शिक्षक होते. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता, पण पन्नासच्या दशकात ते स्वतःच परदेशी निघून गेले. नोटेशन वाचून वाजवणारे तयार हात होते ते मुख्यतः गोव्याच्या वादकांचे, आणि त्यांचा दिवस हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमध्ये जायचा. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे भाटियांच्याच वयाचे. त्यांनी १९५८ मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा जमवला आणि रागांवर आधारलेल्या रचना सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात वाजवून दाखवल्या. उमेद मोठी होती, पण तो उपक्रम टिकला नाही. अशा या शहरात, दिल्लीची काही वर्षं सोडली तर, भाटिया साठ वर्षं लिहीत राहिले. ७ मे २०२१ रोजी इथेच त्यांचं निधन झालं.

या साठ वर्षांची आपण एक सोयीची वाटणी करून ठेवली आहे. एकीकडे 'मंथन', 'भूमिका', 'तमस', 'भारत एक खोज' यांना संगीत देणारे भाटिया. हे सगळ्यांना ठाऊक. दुसरीकडे पियानोसाठी, तंतुवाद्यांसाठी, समूहगायनासाठी लिहिणारे आणि ऑपेरा रचणारे भाटिया, ज्यांच्याविषयी निधनानंतरच्या लेखांतून एखाद-दुसरा परिच्छेद आला. मला ही वाटणी चुकीची वाटते. दोन्हीकडचा हात एकच होता, आणि पडद्यावरच्या कामाची खरी ताकद समजून घ्यायची तर दुसऱ्या बाजूने सुरुवात करावी लागते.

३१ मे १९२७ रोजी मुंबईत, कच्छी व्यापारी घरात जन्म. शाळा न्यू एरा. गाणं शिकायला मात्र हा मुलगा गेला तो प्रा. बी. आर. देवधरांच्या संगीत विद्यालयात. ज्या देवधरांच्या हाताखाली कुमार गंधर्व वाढले, तेच हे देवधर. त्यांनी स्वतः पाश्चात्य संगीताचाही अभ्यास केला होता आणि कुठल्याच घराण्याची कुंपणं ते मानत नसत. भाटियांच्या कानावर पहिला संस्कार झाला तो षड्जाचा, हे विसरून चालणार नाही. पुढे किशोरवयात चायकॉव्स्कीचा पहिला पियानो कन्चेर्तो कानावर पडला आणि मुलगा पियानोकडे वळला. डॉ. माणेक भगत यांच्याकडे चार वर्षं पियानोचं शिक्षण झालं. एल्फिन्स्टन कॉलेजातून इंग्रजी विषय घेऊन १९४९ मध्ये एम. ए. केलं आणि मग लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक.

तिथे हॉवर्ड फर्ग्युसन, अ‍ॅलन बुश आणि विल्यम अल्विन हे रचनेचे शिक्षक मिळाले. यातलं अल्विन हे नाव मला फार महत्त्वाचं वाटतं. अल्विन यांनी पाच सिम्फनी लिहिल्या आणि सत्तरहून अधिक चित्रपटांना संगीत दिलं. चित्रपटाचं काम म्हणजे पोटासाठी पत्करलेली कमअस्सल मजुरी, असं मानणाऱ्यांच्या काळात हा माणूस दोन्हीकडे सारख्याच निष्ठेने लिहीत होता. पंचविशीतल्या विद्यार्थ्याने असा शिक्षक रोज पाहिला, याचा अर्थ पुढच्या आयुष्याकडे पाहिलं की उलगडतो. १९५४ मध्ये भाटिया सुवर्णपदक घेऊन बाहेर पडले आणि शिष्यवृत्त्यांच्या बळावर पॅरिसला, नादिया बुलांजे यांच्याकडे, पाच वर्षं राहिले.

बुलांजेबाईंच्या हाताखालून विसाव्या शतकातले किती संगीतकार गेले त्याची मोजदाद करणं कठीण. अमेरिकेचे आरन कोपलंड त्यांचेच विद्यार्थी, पुढच्या पिढीतले फिलिप ग्लास आणि क्विन्सी जोन्सही त्यांचेच. भाटिया पॅरिसला पोचले त्याच वर्षी अर्जेंटिनाचे आस्तोर पियाझोला तिथे आले होते. सिम्फनी लिहिणारा मोठा संगीतकार व्हायची त्यांची इच्छा. बाईंनी त्यांचा टँगो ऐकला आणि तुझं खरं घर हेच आहे असं सांगितलं, ही हकिगत संगीताच्या जगात सर्वांना माहीत आहे. बाई शिस्तीत जराही सवलत द्यायच्या नाहीत. काउंटरपॉइंटचे धडे रोज लिहायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे. शैली मात्र त्या कुणावर लादत नसत. विद्यार्थ्याने आपल्या मातीतलं जे असेल ते घेऊन यावं आणि ते लिहिण्याइतका हात तयार करावा, इतकीच अपेक्षा.

भाटियांनी मातीतलं काय नेलं होतं? राग. आणि इथेच खरी अडचण सुरू होते.

आपल्या संगीतात षड्ज एकदा लागला की मैफल संपेपर्यंत तो हलत नाही. सगळा विस्तार त्या एका स्थिर स्वराच्या नात्याने होतो. पाश्चात्य अभिजात संगीताची निदान दोन-अडीचशे वर्षं याच्या नेमकी उलट चालली. आधारस्वर सोडून दूर जायचं, ताण निर्माण करायचा, आणि फिरून परत यायचं, यावरच तिथल्या मोठ्या रचना उभ्या आहेत. शिवाय तिथे एका वेळी अनेक स्वर उभे राहतात. यमनच्या एखाद्या संगतीखाली नेहमीच्या कॉर्ड ठेवल्या की ऐकायला गोड लागतं, पण यमन पातळ होतो, कारण स्वरांमधलं नातं आता राग ठरवत नाही, कॉर्ड ठरवते. हिंदी चित्रपटांतल्या कुशल संयोजकांनी या गोडव्याचं सोनं केलं, त्यांचा मान मोठाच आहे. पण मैफलीत वीस मिनिटं चालणारी रचना त्या गोडव्यावर तरत नाही.

काउंटरपॉइंट इथे उपयोगी पडतो. वरती चाल आणि खाली तिला टेकू देणाऱ्या कॉर्ड, अशी उतरंड तिथे नसते. दोन, तीन, चार स्वतंत्र चाली एकाच वेळी चालतात आणि प्रत्येकीला स्वतःचा मान असतो. मग रागाचाच एक वाक्यांश दुसऱ्या वाक्यांशासमोर उभा करता येतो. बाहेरचा स्वर आणावा लागत नाही, तरीही संगीताला खोली येते. भाटियांच्या समूहगायनाच्या रचना ऐकताना मला हाच मार्ग दिसतो. 'रुद्रनाम' ही त्यांतली ठळक रचना. व्हिक्टर परंज्योती यांनी सुरू केलेल्या आणि पुढे कूमी वाडिया यांनी अर्धशतकभर सांभाळलेल्या परंज्योती अकॅडमी कोरसने ती गायली. संस्कृत नावांचा घोष, त्यातला ठेका, एका गटाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्या गटाने ते उचलणं: हे ऐकताना हा युरोपचा कॉयर की देवळातला सामूहिक पाठ, असा प्रश्नच पडत नाही. मुंबईत भाटियांना हक्काचा, कायमचा असा एखादा वाद्यसंच कुणी दिला असेल तर तो या हौशी गायक-गायिकांच्या गळ्यांचा. नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळी तालमीला येणाऱ्या या माणसांचं आपल्यावर ऋण आहे.

पण १९५९ मध्ये पोटाचं काय? भाटियांनी जाहिरातीला संगीत दिलं. शक्ती सिल्क साड्यांच्या जाहिरातपटापासून सुरुवात झाली आणि पुढे सात हजारांवर जिंगल त्यांच्या नावावर जमा झाल्या असं सांगतात. लिरिल, गार्डन वरेली, ड्युलक्स ही नावं ज्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत ऐकली त्यांच्या स्मरणात ती चालीसकट बसली आहेत. मधली पाच वर्षं, १९६० ते ६५, दिल्ली विद्यापीठात ते पाश्चात्य संगीतशास्त्राचे रीडर होते. जिंगलवर मी फार वेळ घालवणार नाही. इतकंच म्हणेन की तीस सेकंदांत सुरुवात, चढ आणि शेवट बसवायचा रोजचा सराव ज्याने वर्षानुवर्षं केला, त्याला पुढे चित्रपटातल्या एखाद्या दृश्याला नेमकं किती संगीत लागतं हे कुणी शिकवावं लागलं नाही.

जाहिरातींच्याच जगात श्याम बेनेगल होते. १९७४ मध्ये 'अंकुर' आला आणि पुढची दोन दशकं बेनेगलांच्या बहुतेक चित्रपटांचं संगीत भाटियांचं. त्या चित्रपटांत मराठी माणसाला ओळखीचे चेहरे जागोजागी भेटतात. 'निशांत' आणि 'मंथन' यांची पटकथा विजय तेंडुलकरांची. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घालून उभा केलेला 'मंथन' घ्या. त्यातलं प्रीती सागर यांनी गायलेलं गुजराती गाणं आजही त्या चित्रपटाची ओळख आहे, त्याबद्दल प्रीती सागर यांना फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला. पॅरिसमध्ये फ्यूग, म्हणजे एकच चाल अनेक आवाजांनी एकामागून एक उचलायचा काउंटरपॉइंटचा प्रकार, लिहायला शिकलेल्या माणसाची ही चाल, पण शिकल्याचा एकही डाग तिच्यावर नाही. ती गावातलीच वाटते. कुठे काय वापरायचं नाही हे कळणं हा शिक्षणाचा सर्वांत मोठा लाभ असतो.

'भूमिका'वर मात्र थांबायला हवं. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मचरित्रावर बेतलेला हा १९७७ चा चित्रपट एका नटीच्या आयुष्याबरोबर हिंदी चित्रपटसृष्टीच्या दोन-तीन दशकांतून जातो. म्हणजे चित्रपटातल्या चित्रपटांना गाणी हवीत, आणि प्रत्येक गाणं त्या-त्या काळचं हवं. साधा संगीतकार इथे जुन्या चालींची नक्कल करून मोकळा झाला असता. भाटियांनी काळाचं व्याकरण उचललं. ऑर्केस्ट्रा किती मोठा होता, ठेका कुठला चालायचा, गायिका शब्द कसा फेकायची, मुखडा आणि अंतरा यांच्यामध्ये किती वाजायचं, हे सगळं दशकागणिक बदलत जातं आणि ते बदलताना ऐकू येतं. गीतं लिहिणाऱ्यांत होते मराठी नाटकं हिंदीत नेणारे वसंत देव. आणि गाण्यासाठी भाटियांनी कुणाला आणलं? सरस्वतीबाई राणे यांना. अब्दुल करीम खाँसाहेबांची ही कन्या, हिराबाई बडोदेकरांची धाकटी बहीण, १९४३ च्या 'रामराज्य'मधला आवाज. त्यांच्यासोबत त्यांची नात मीना फातर्पेकर. ज्या काळाची गोष्ट सांगायची त्या काळातून आलेला खराखुरा गळा आणि त्याच घरातला पुढच्या पिढीचा गळा एकत्र उभे केले, तेव्हा वेगळी वातावरणनिर्मिती करावी लागली नाही. माझ्या मते हिंदी चित्रपटसंगीतात इतिहास इतक्या अचूक कानाने दुसऱ्या कुणी हाताळलेला नाही.

हीच क्षमता नंतर वेगवेगळ्या रूपांत दिसत राहिली. अपर्णा सेन यांच्या '३६ चौरंगी लेन'मध्ये कलकत्त्यातल्या एकाकी अँग्लो-इंडियन शिक्षिकेसाठी पाश्चात्य वळणाचं, अबोल संगीत. बेनेगलांच्या 'त्रिकाल'मध्ये मुक्तीच्या उंबरठ्यावरचा गोवा, लोटलीतलं जुनं घर, त्यात रेमो फर्नांडिस यांचा आवाज. ज्या गोमंतकीय वादकांनी मुंबईच्या स्टुडिओंना हार्मनी शिकवली, त्यांच्या भूमीचं संगीत करताना भाटिया पाहुण्यासारखे वागत नाहीत. 'सरदारी बेगम'मध्ये आरती अंकलीकर-टिकेकर यांच्या गळ्यातून ठुमरीचं जग. व्यावसायिक चित्रपटांना, 'दामिनी', 'परदेस' यांसारख्यांना, दिलेलं पार्श्वसंगीत मला त्या मानाने फारसं लक्षात राहत नाही. तिथे त्यांच्याकडून हवी होती ती सफाई, आणि ती त्यांनी पुरवली.

१९८८ हे वर्ष या सगळ्याचं शिखर. गोविंद निहलानींच्या 'तमस'मध्ये संगीताला सजवण्यासारखं काही नव्हतंच. फाळणीच्या दंग्यांच्या त्या कहाणीत सुरुवातीला उठणारी एक आर्त हाक, आणि मग लांबच लांब शांतता. ज्याला चार आवाज एकत्र बांधता येतात त्याने एका आवाजावर थांबायचं ठरवलं, म्हणून ती हाक इतकी टोचते. 'तमस'साठी त्यांना संगीतदिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी दूरदर्शनवर नेहरूंच्या पुस्तकावर आधारलेली ५३ भागांची 'भारत एक खोज' सुरू झाली. रविवारी सकाळी घराघरांत ऋग्वेदातलं नासदीय सूक्त ऐकू यायचं, आधी संस्कृतात, मग वसंत देवांच्या हिंदी रूपात. सृष्टीच्या आधी काय होतं हे कुणालाच ठाऊक नाही, असं म्हणणारं ते सूक्त. भाटियांनी त्याचं भजन केलं नाही, मंत्राची गूढ धून करून भीती घातली नाही. प्रश्न विचारणारा एक समूह त्यांनी उभा केला. ते शीर्षकसंगीत पुन्हा ऐका आणि लगेच 'रुद्रनाम'सारखी एखादी रचना ऐका. कॉयरसाठी लिहिणारा भाटिया आणि दूरदर्शनवरचा भाटिया यांच्यात सुईही शिरायला जागा नाही. भारतातली कोट्यवधी माणसं एका समकालीन अभिजात रचनाकाराचं समूहगान वर्षभर दर आठवड्याला ऐकत होती, फक्त त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं.

१९८९ मध्ये संगीत नाटक अकादमीने त्यांना सर्जनशील आणि प्रायोगिक संगीतासाठी पुरस्कार दिला, २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. पुरस्कारांचं एवढं पुरे.

त्यांच्या उत्तरायुष्याची गोष्ट मला जास्त हलवते. 'सिक्स सीझन्स' ही गीतमाला १९८८ ची. युरोपला चार ऋतू, आपल्याला सहा, आणि भाटिया सहाच घेतात. पियानोसाठीचं 'फँटेझिया अँड फ्यूग इन सी' १९९९ चं, तंतुवाद्यांसाठीचं 'सिन्फोनिया कॉन्चेर्तांते' २००१ चं. म्हणजे सत्तरी ओलांडल्यावर हा माणूस फ्यूग लिहीत होता. कुणी मागितलेला नाही, कुठला निर्माता पैसे देणार नाही, वाजेल की नाही याची खात्री नाही. मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला २००६ मध्ये. तेव्हा भाटिया ७९ वर्षांचे होते. ज्या वयात रचनाकाराने आपलं लिहिलेलं संगीत वाजताना ऐकायचं, त्यातून पुढचं लिहायला शिकायचं, त्या वयात त्यांच्या शहरात असा पूर्ण वेळ ऑर्केस्ट्रा नव्हता. चित्रकाराला निदान आपलं चित्र दिसतं. कागदावरची रचना वाजल्याशिवाय पुरी होत नाही.

आणि तरीही त्यांनी ऑपेराला हात घातला. गिरीश कर्नाडांचं 'अग्नी मत्तू मळे', महाभारताच्या वनपर्वातल्या यवक्रीच्या कथेवरचं नाटक. पाऊस पडावा म्हणून सात वर्षं चाललेला यज्ञ, त्या यज्ञाच्या आड भावांमधला मत्सर, सूड, आणि एका आदिवासी मुलीचं निर्मळ प्रेम. कर्नाडांचा आणि भाटियांचा संबंध जुना: 'निशांत' आणि 'मंथन'मध्ये कर्नाडांनी भूमिका केल्या, 'भूमिका'च्या पटकथेत त्यांचा हात होता. या नाटकावरच्या 'अग्निवर्षा' ऑपेराचे पहिले दोन अंक २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सादर झाले, अमेरिकन सोप्रानो ज्युडिथ केलॉक यांच्या पुढाकाराने. भाटिया तेव्हा पंच्याऐंशीच्या घरात होते. पुढे जानेवारी २०१९ मध्ये जगद्विख्यात चेलोवादक यो-यो मा मुंबईत आले आणि त्यांनी भाटियांचं 'रेव्हरी' वाजवलं. रचनाकाराचं वय तेव्हा ९१.

त्याच वर्षी त्यांच्या आर्थिक ओढाताणीच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या. अनेकांनी हळहळ व्यक्त केली, काहींनी मदतही केली. पण हे एका माणसाचं दुर्दैव म्हणून सोडून देणं बरोबर नाही. जिंगलचा मोबदला एकदाच मिळतो, मग ती वीस वर्षं वाजो. चित्रपटसंगीताच्या पुढच्या वापरातला वाटा संगीतकाराला सोडून देता येणार नाही अशी तरतूद कायद्यात झाली ती २०१२ च्या दुरुस्तीने, जेव्हा भाटियांचं बहुतेक काम होऊन गेलं होतं. आणि मैफलीसाठी लिहिणाऱ्याला नव्या रचनेचं काम देणारी, आगाऊ मानधन देणारी व्यवस्था आपल्याकडे जवळपास नाहीच. पाश्चात्य देशांत ऑर्केस्ट्रा, नभोवाणी, विद्यापीठं, महोत्सव हे काम देतात. इथे भाटियांना ते जाहिरातींच्या कमाईतून स्वतःच स्वतःला द्यावं लागलं.

हे संगीत परकं आहे, आपल्याला कळायचं नाही, असं मराठी रसिकाने म्हणू नये. ज्या समाजाने गाण्यातून चालणारं नाटक रात्र-रात्र ऐकलं, त्याला ऑपेरा अवघड जाण्याचं कारण नाही. ज्याने वारीत शेकडो गळ्यांचा अभंग ऐकला त्याला समूहगान नवं नाही. कान तयार आहेत, ऐकवणारे हवेत.

३१ मे २०२७ रोजी वनराज भाटियांच्या जन्माला शंभर वर्षं पूर्ण होतील. त्या निमित्ताने 'मंथन'चं गाणं वाजेलच, ते वाजावंही. पण मुंबईतल्या आणि गोव्यातल्या संगीतसंस्थांना, विद्यापीठांना, ज्यांच्या हाती सभागृहं आणि वादक आहेत त्या सर्वांना विनंती आहे: त्यांच्या हस्तलिखितांचा एका ठिकाणी संग्रह करा, जे छापलेलं नाही ते छापा, 'सिन्फोनिया कॉन्चेर्तांते' तरुण वादकांच्या हाती द्या, आणि 'अग्निवर्षा' त्यांच्या स्वतःच्या शहरात, पूर्ण, रंगमंचावर आणा.